पक्का हात

मूल
जि. चंद्रपूर, ८ सप्टेंबर २०२४

चि. नूतनले बाबाचा जयभीम.

तुही चिठ्ठी भेटली. नव्या टेबलाची चादर महिन्याभरात पिवळी पडली अन् इस्त्री तिले चिकटून राह्यली म्हणतं. वाचून हसू बी आलं अन् राग बी आला. पोट्टे, वारलू इस्त्रीवाल्याची लेक तू, अन् अहेरीत दुकान टाकून बसली, अन् हे मले विचारतं? तुहा फोन आला तवा धाकट्या खुशबूनं माह्या कानात ओरडून सांगाचा प्रयत्न केला, पण माहे कान आता साफ गेले. तिचा गळा बसला, मले काही समजलं नाई. चिठ्ठीच बरी.

आता नीट वाच. चादरीले मांड देत जाऊ नको. गिऱ्हाइकाच्या कपड्याची खळ तिच्यात उतरतेच, वरून तू आणखी ओतशीन तर चिकटन नाई तं काय होईन! दर सोमवारी नाडे सोडून चादर काढजो. अंगणात झटकजो, मंग साध्या थंड पाण्यात भिजू देजो, खळ सुटते. साबण लावला का पाणी निवळ येतवरी खंगाळजो. साबण आत राह्यला का धगीनं तोच पिवळा पडते. ब्लिचिंगचं नाव काढू नको, कापड खाते. जराशी ओली असतानाच टेबलावर ताणून नाडे बांधजो, वाळली का ढोलकीसारखी बसते. खालच्या कांबळ्याले ऊन दाखवजो.

अन् हात विसरू नको. इस्त्री पेटवायच्या आधी डावा तळहात चादरीवरून फिरवायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुटकं बटन, टाचणी, कोळशाची कणी, डोळ्याले दिसत नाई ते तळहाताले सापडते.

माह्या चादरीचे बी हाल आहेत. या महिन्यात चार जागी भाजली. कोळसा बेकार येऊन राह्यला, एकदम धग धरते. दुसरे लोकं इस्त्रीवर पाणी शिंपडून चुर्र आवाज ऐकतात. मले कुठून ऐकू येते! मी ओलं बोट लावूनच पाहतो. अन् आता तं चटका बी लागत नाई. माहे वडील म्हणत का वीस-पंचवीस वर्षं घासल्यावर इस्त्रीवाल्याचा हात पक्का होते, मंग आग बी त्याले ओळखते. माहा झाला पक्का.

खुशबूले राजुऱ्याचं स्थळ आलं आहे. पोराचं नाव आदेश, खाणीत वायरमन आहे. माणसं चांगली दिसतात. तुही माय असती तं तिनं नीट पारखली असती.

जावईबापूले जयभीम सांगजो. पोटातल्याले जपजो.

तुहा बाबा


अहेरी
२६ सप्टेंबर २०२४

ती. बाबांना नूतनचा जयभीम.

सोमवारी चादर काढली. पाणी असं निघालं का गंजातून भाताचा मांड ओतला असं वाटलं. अश्विन म्हणते, "सासऱ्याले गुरू करायले पाहिजे होतं, फुकट बायको केली." मी म्हटलं आता उशीर झाला.

चार जागी भाजली म्हणता अन् कोळशाले दोष देता? आमच्या इथी बी कोळसाच आहे, दगड नाई. म्हातारे झाले तुमी, कबूल करा. चंद्रपूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ मांजरपाटाची नवी चादर शिवून पाठवली आहे, नाडे दुहेरी लावले. जुनीचे डाग लिंबू-मीठ चोळून उन्हात टाका, फिके होतील. जे काळे पडले ते नाई निघत.

पक्क्या हाताची गोष्ट मी शेजारणीले सांगतली. म्हटलं, माहे बाबा तापल्या इस्त्रीले बोट लावतात अन् हूं का चूं करत नाई. ती तोंडावर हात ठेवून बसली. मले लय अभिमान वाटला.

पाचवा महिना चालू आहे. उलट्या थांबल्या. खुशबूचं जमू द्या, मी नाचतो म्हणा तिले, पोट घेऊन.

तुमची नूतन


मूल
२२ ऑक्टोबर २०२४

चि. नूतन,

चादर भेटली. एकदम टंच बसली. पण नव्या चादरीले नजर लागली पाह्य. परवा पाहतो तं लाल लाल ठिपके. शाळेच्या मास्तरच्या पांढऱ्या सदऱ्यावर बी तेच. मी म्हटलं, बापा, हे कुठून टपकलं? वर पत्रा पाहिला, ढेकूण शोधले. खुशबू आली अन् तिनं माहा हात उलटा केला. करंगळीच्या खाली टाचणी रुतून होती, पार डोक्यापर्यंत. चादरीवरून हात फिरवताना रुतली असन. मले पत्ताच नाई! आमी दोघं लय हसलो. म्हटलं पोट्टे, याले म्हणतात पक्का हात.

रक्त थंड पाण्यानं निघालं. गरम पाणी कधी लावजो नको, रक्त शिजून धाग्यात बसते. मास्तरले सदरा पुन्हा करून दिला.

करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट जरा वाकून राह्यते. कपडे धरून धरून होते तसं.

मधात ती आशाताई आली होती, दिव्यानी. चट्ट्याचा सर्वे म्हणे. "बाबाजी, सदरा काढा, पाठ-हात पाहतो." दुकानात गिऱ्हाईक उभं, अन् मी सदरा काढू? म्हटलं लिही तुह्या कागदावर का म्हातारा चोख आहे. गेली बिचारी.

खुशबूचं जमलं! साक्षगंध ९ फेब्रुवारीले, रविवार आहे. लग्न बुद्धपौर्णिमेच्या मागंपुढं. पोट्टी दिवसभर गुणगुणत राह्यते असं शेजारचे सांगतात. मले ऐकू येत नाई, पण तोंड दिसते ना तिचं.

तुहा बाबा


अहेरी
३ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,

तुमी हसले, पण मले हसू आलं नाई. तुमची चिठ्ठी वाचली अन् सरळ दवाखान्यात गेली.

इथच्या सरकारी दवाखान्यात मी तपासायले जातो तिथी भिंतीवर हाताचं चित्र लावलं आहे. करंगळी अन् बाजूचं बोट वाकलेलं. मी दर खेपेस त्याच्याखाली बसतो अन् कधी नीट पाह्यलं नाई. आता पाह्यलं. सिस्टरले विचारलं, टाचणी रुतली अन् माणसाले समजलं नाई तं ते काय असते? तिनं उलटून विचारलं, "कोणाले?" मी म्हटलं शेजारचा आहे एक. ती म्हणे, "त्याले आजच पाठव."

बाबा, नागपंचमीले मी आली होती तवा तुमी नळावर हात धूत होते. डाव्या कोपराच्या खाली फिकट चट्टा दिसला होता. तुमी म्हणाले शिबं आहे. मी बी मानलं. मले आता सांगा, तिथी बोट फिरवलं तं समजते का? खुशबूले म्हणा, डोळे मिटून बसतो, पेनानं टोचून पाह्य.

मी नाव लिहितो, रागावू नका. हा महारोग असू शकते. हात पक्का झाला नाई बाबा, हात मरून राह्यला. पण आता पह्यल्यासारखं नाई. मूलच्या दवाखान्यात गोळ्या फुकट भेटतात, सहा महिने नाई तं वर्षभर, अन् बरा होते. लवकर गेलं तं बोटं वाचतात. आपलं पोट त्या हातावर चाललं, तुमचंही अन् आमचंही.

उद्यावर टाकू नका. चिठ्ठी भेटली त्याच दिवशी जा.

नूतन


मूल
१७ नोव्हेंबर २०२४

नूतन,

तुही चिठ्ठी मी इस्त्रीतल्या कोळशात टाकली. तो शब्द लिहून पुन्हा या घरी पाठवू नको. पोस्टमनपासून सगळे वाचतात.

तू समजतं का मले माहीत नाई? तुमच्या आज्याचा फोटो आहे ना घरी, शाल पांघरलेला. शालीखाली हात काऊन आहेत ते तुमाले कोणी सांगतलं नाई. इस्त्रीनं बोटं झिजली असंच आमाले बी लहानपणी सांगत होते. मंग गावानं त्याले तळ्याच्या पाळीवर झोपडी घालून देली. मी डबा घेऊन जात होतो. दूर ठेवून पळत येत होतो. बाप हाक मारे, मी मागं पाहत नव्हतो.

माही बहीण अंजना, तुमची आत्या. दिसायले खुशबूसारखीच. पाहुणे येत, चहा पीत, गावात चौकशी करत, अन् पुन्हा येत नसत. अंजनाबाई तशीच मेली, बिनलग्नाची, दुसऱ्यायचे भांडे घासत. सरकार म्हणते गोळ्या निघाल्या. सरकारले सोयरीक करायची नाई. आशाताई मूलची, तिची बहीण राजुऱ्यात देली. आज मी गोळी घेतली तं उद्या आदेशच्या घरी समजते.

मे महिन्यात लग्न होऊ दे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः दवाखान्यात जातो, तुह्या मायची शपथ. हाताचं काय, अर्धं आयुष्य गेलं, सहा महिने आणखी जातील. खुशबूले एक शब्द सांगशीन तं तू माही नाई अन् मी तुहा नाई.

बाबा


अहेरी
२९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,

तुमची चिठ्ठी मी अश्विनलेही दाखवली नाई. रात्रंदिवस आज्याचा फोटो डोळ्यासमोर येते.

पण सहा महिने जातील असं नका म्हणू. सिस्टर म्हणे, नस नुकतीच गेली असन तं परत येऊ शकते, वर्ष उलटलं का नाई येत. मी आताच गाडीत बसून आली असती. डॉक्टरीणबाई म्हणे सातव्या महिन्यात या रस्त्यानं गेली तं लेकरू वाटेतच होईन. म्हणून हात बांधून बसली आहो.

मूलले नको, चंद्रपूरले जा. तिथी तुमाले कोण ओळखते? कपड्याचं सामान आणायले जातो म्हणा खुशबूले. तोवर कामात डाव्या हातात सुती मोजा घाला, अन् चादरीवरून हात फिरवू नका, डोळ्यानं पाहा. ओलं बोट लावणं बंद करा. इस्त्री आधी जुन्या फडक्यावर फिरवून पाहा, पिवळं पडलं का थांबा.

पंधरा दिवसांत तुमी गेले नाई तं मी खुशबूले फोन करतो. मंग तुमी मले लेक नका म्हणू. चालन मले.

नूतन


मूल
१२ डिसेंबर २०२४

चि. नूतनले आशीर्वाद.

गेलो होतो चंद्रपूरले. तू म्हणतं तेच निघालं. गोळ्यायचं पाकीट देलं, ते कांबळ्याखाली लपवून ठेवलं आहे अन् रोज घेतो. झालं तुह्या मनासारखं? आता खुशबूले काही बोलू नको. ती साक्षगंधाची साडी निवडून राह्यली.

मोजा घालत नाई. मोज्यानं कपड्याची सळ समजत नाई. बाकी तू म्हणतं तसं करतो.

धानाचा हंगाम आहे, मिलवाल्यायचे कपडे लय येतात. पहिलं बाळंतपण आहे, घाबरू नको. तुह्या मायले तुह्या वेळेस लय त्रास झाला होता, पण दुसऱ्याच दिवशी उठून बसली अन् मले म्हणे, दुकान उघडा.

तुहा बाबा


अहेरी
२४ जानेवारी २०२५

ती. बाबा,

लेक झाली! फोनवर खुशबूनं तुमाले ओरडून सांगतलंच असन. अठरा तारखेले झाली, अडीच किलो. नाक तुमचं आहे, अश्विन मानत नाई.

तुमी गोळ्या सुरू केल्या त्या दिवसापासून मले झोप येते. बाळंतपणाच्या कळा आल्या तरी मनात तेच होतं, का बाबाचं तं मार्गी लागलं. सिस्टर म्हणे, त्या गोळीनं महिन्यातून एकदा लघवी लालभडक होते, माणूस घाबरते. तुमी बी घाबरले असान. मले लिहायचं ना! ते चांगलंच असते म्हणे, गोळी लागू पडली असं समजायचं.

नऊ तारखेले मले येता येणार नाई, लेकरू लहान आहे. खुशबूले माह्या वाटचं काजळ लावा.

तुमची नूतन


मूल
३१ जानेवारी २०२५

चि. नूतन,

लक्ष्मी आली, लय आनंद झाला. खुशबूनं पेढे वाटले. जुन्या मऊ धोतराच्या चादरी शिवून ठेवल्या आहे नातीले, चार खेपा धुतल्या, एक बी सळ नाई. नाक माहंच असन, अश्विनले सांग.

लाल-बिल काही होत नाई मले. लघवी पाण्यासारखी निवळ आहे. तब्येत एकदम मस्त. घाबरायचं काही नाई.

साक्षगंधाची तयारी जोरात आहे. पाहुण्यायचे कपडे मीच करून देणार असं सांगून ठेवलं. राजुऱ्याची माणसं पाहतील का खुशबूचा बाप कसा काम करते.

तुहा बाबा


अहेरी
५ फेब्रुवारी २०२५

बाबा,

तुमी गोळी घेतलीच नाई.

महिन्याची ती एक बी गोळी घेतली असती तं लाल झाली असती. सिस्टरले दोनदा विचारलं. चंद्रपूरले बी गेले नाई तुमी. बाळंतिणीले खोटं लिहिलं. मी दोन महिने सुखानं झोपली, अन् तुमी तिकडं रोज त्या चादरीवर हात घासत राह्यले.

लय रडली. अश्विनले सगळं सांगतलं. तो म्हणे आत्ताच खुशबूले फोन लाव. फोन हातात घेतला होता, पण रविवारी साक्षगंध आहे. तिच्या आनंदात कसा खडा टाकू? इतके महिने गेले, आणखी चार दिवसानं काय होते! रविवार होऊ द्या. सोमवारच्या गाडीनं मी अन् अश्विन लेकरू घेऊन येतो. तुमाले धरून दवाखान्यात नेतो. सगळ्या मूलनं पाह्यलं तरी नेतो.

नूतन


चंद्रपूर, दवाखाना
१४ फेब्रुवारी २०२५

ताई,

फोनवर तुले इतकंच सांगतलं का बाबाचा हात भाजला अन् लेकरू घेऊन वार्डात येऊ नको. बाकीचं फोनवर बोलता आलं नाही, आजूबाजूले सगळे ऐकत राहतात. म्हणून लिहून राह्यली.

रविवारी पाहुणे वेळेवर आले. गाडीत बसून आदेशचा सदरा चुरगळला होता. बाबा म्हणाले, "जावयाचा सदरा मीच करतो." सगळे नाही नाही म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही, नव्हे, त्यांना ऐकूच गेलं नाही. इस्त्री पेटवलेलीच होती. सगळे पाहुणे टेबलाभोवती उभे राहून कौतुकानं पाहत होते, अन् बाबा छाती काढून. डाव्या हातानं बाही ताणून धरली होती. तेवढ्यात आदेशच्या वडिलांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "पुरे आता, चहा घ्या," म्हणून. बाबा त्यांच्याकडे वळून हसले. इस्त्री तिथंच टेकवली. स्वतःच्या बोटांवर.

वास आला. बाबालाही आला. म्हणाले, "बापा, चादर जळून राह्यली!" इस्त्री उचलली, सदरा बाजूले केला, चादर उलटी करून पाहिली, कांबळं वर करून पाहिलं. डाग कुठं सापडेना. तांब्या घेऊन चादरीवर पाणी शिंपडत होते. मी ओरडत होती, "बाबा, हात! हात!" सगळे ओरडत होते. त्यांना एकाचंही ऐकू गेलं नाही. आदेशनं जाऊन त्यांचं मनगट धरलं अन् डोळ्यासमोर आणलं. तेव्हा पाहिलं त्यांनी. तरी पहिले आदेशलाच म्हणाले, "सदऱ्याले काही झालं नाई ना?"

करंगळी अन् बाजूचं बोट काढलं. मधल्याचं उद्या सांगतात. डॉक्टरनं कोपराचा चट्टा पाहिला अन् मले बाहेर बोलावून विचारलं, किती दिवसांपासून आहे? मी म्हटलं मले माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. गोळ्या परवापासून सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, दिवाळीच्या सुमारास आले असते तर बोटं राहिली असती, कामही करता आलं असतं. आता इस्त्री विसरा.

कपडे आणायले घरी गेली तर तुझी पाच तारखेची चिठ्ठी आली होती. बाबाच्या नावाची होती, मी फोडली. कांबळ्याखाली तुझी नोव्हेंबरची चिठ्ठीही सापडली. तुले माहीत होतं. नोव्हेंबरपासून तुले माहीत होतं, बाबाले माहीत होतं, एक मीच गाणे म्हणत फिरत होती. काऊन नाही सांगतलं ताई? मी लग्न मोडलं असतं. स्वतः हात धरून नेलं असतं त्यांना. टाचणी मीच काढली होती त्यांच्या हातातून, अन् हसली होती. तुझ्यावर लय राग आहे माझा. कधी जाईल माहीत नाही.

आज आदेशचे वडील आले होते. मले वाटलं, लग्नाले नाही म्हणायले आले. मीच म्हटलं, "काका, तुम्ही बोला, मी तयारी केली आहे." ते बाबाच्या खाटेवर बसले. म्हणाले, "माह्या मायले होता हा रोग. मी शाळेत होतो तवा. वर्षभर गोळ्या खाल्ल्या, बरी झाली, मंग वीस वर्षं धान लावला तिनं. आमच्या घरी कोणी काही मानलं नसतं. एक शब्द तरी सांगायचा होता तुमी मले."

बाबा त्यांच्या ओठांकडे पाहत होते. मले म्हणाले, "काय म्हणतात?" मी कानाजवळ जाऊन सांगतलं. म्हणाले, "पुन्हा सांग." मंग मी ओरडून सांगतलं, का त्यांच्या मायलेही होता, त्यांनी काही मानलं नसतं, लग्न तरीही जमलंच असतं. सगळा वार्ड आमच्याकडे पाहू लागला. बाबा म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा ओरडली.

तीनदा सांगायले लावलं त्यांनी मले. पहिल्याच खेपेस समजलं होतं त्यांना, ताई. मी त्यांचं तोंड पाहत होती.

खुशबू